मेंढवाट आणि एकच बोगदा

दुपारची जेवणं उरकली की ती पोरगी माझ्या ओट्यावर कागद पसरायची. कागद म्हणजे असातसा नव्हे, चांगला जाजमाएवढा. तीन कोपऱ्यांवर ती तीन वस्तू ठेवायची, माझा अडकित्ता, तिचा मोबाईल आणि पाण्याचा तांब्या. चौथ्या कोपऱ्यावर मला बसवायची. "आजी, बसा इथं, वारा सुटलाय," म्हणायची. तर नगर रोड रुंद करायचा जो काही कारभार झाला, त्यातलं माझं पहिलं काम हे. कागद उडू न देणं.

पोरगी इंजिनिअर. विदर्भातली. रस्ता कुठून कसा न्यायचा, गाड्या कुठं वळवायच्या, बस कुठं थांबवायची, माणसांनी कुठून जायचं, हे ठरवायला तिला आमच्या भागात पाठवलेलं. शिरूर तालुक्यात आमचं गाव नगर रोडला लागूनच आहे. आता गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं. कारखाने आले, मग कामगार आले, मग ज्याच्या त्याच्या रानात खोल्या उठल्या. माझ्याही उठल्या. मालक गेल्यावर मुलगा शिरूरला राहायला गेला, मी खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. त्यातली कोपऱ्यातली खोली ह्या पोरीनं घेतली. गावात सगळे तिला मॅडम म्हणत. मी पोरी म्हणायचे.

तो कागद म्हणजे घारीनं वरून बघावं तसं आमचं गाव. घरं म्हणजे नखाएवढे चौकोन. उसाची रानं हिरवी, माळ पिवळा, आणि मधून नगर रोड सरळ गेलेला, कुणी दोरी धरून आखल्यासारखा. मी बघत बसायची. दुपारची वेळ, पोटात भाकरी, वारं अंगावर, आणि बघता बघता डोळे जड व्हायचे. मग मी खरंच घारीसारखी वर जायची बघा. वरून सगळं गप्प दिसायचं. हॉर्न नाही, धूळ नाही. कडेला भीमा निळी वळण घेत जायची आणि भीमेपलीकडं कागद संपायचा. पुढं ओट्याची फरशी.

"आजी, काय बघताय?"

"माझं म्हायेर," मी फरशीवर बोट ठेवून म्हटलं. "दौंडाकडं. केडगावच्या अलीकडं. तुझ्या कागदात मावलं न्हाई, हितं फरशीवर पडलंय."

ती हसली. मग मी कागदावर बोट फिरवत विचारलं, "आन् ह्याच्यात मेंढवाट कुठाय?"

"कसली वाट?"

आता मेंढवाट कसली ते तुम्हालाही सांगायला पाहिजे. आम्ही जातीचे मेंढपाळ. माझ्या सासरच्यांनी मेंढरं विकून कधीच नांगर धरला, पण माहेरी माझ्या धाकट्या भावानं अजून मेंढरं सोडली नाहीत. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन कोकणात उतरतो आणि उन्हाळा सरता सरता घाट चढून परत येतो. खेडाकडच्या माळानं येत येत नगर रोडला येतो, रोड ओलांडतो की माझं रान. तिथनं पुढं भीमा, भीमेपलीकडं घर. ह्या वाटेवर माझ्या बापाची मेंढरं चालली, त्याच्या बापाची चालली. सातबाऱ्यात वाट नाही, नकाशात नाही. पण मेंढरांना माहीत आहे.

आणि ह्या वाटेवर आमच्या घरची एक रीत आहे. परतताना भावाची मेंढरं बहिणीच्या रानात बसवायची. मेंढरं बसवणं म्हणजे रानात जाळी लावून त्यात कळप रात्रभर ठेवायचा. लेंडी पडते, मूत पडतं, रान तयार होतं. दुसऱ्याच्या रानात बसवली तर त्याचं धान्य घेतात. बहिणीच्या रानात बसवली तर काही घ्यायचं नाही, फक्त तिच्या हातची भाकरी खायची. माझा बाप माझ्या आत्याच्या रानात बसवायचा. आत्या म्हणायची, भावाची मेंढरं बसली नाहीत ते साल माहेराविना गेलं. खताचं काय हो, खत आता दुकानात गोणीत मिळतं. आणि माझं रान तरी राहिलंय केवढं, खोल्यांच्या मागं अंगणापेक्षा थोडं मोठं. बाजरी पेरते, कडेला मटकी टाकते. पण भाऊ यायचा.

तो रोड ओलांडायचा तेव्हाचं काय सांगू! लांबून आधी धूळ दिसायची, मग घोडी, घोड्यांवर संसार, वरती बांधलेली कोंबडी, एखादं लहानगं. मग मेंढरं. काळ्या डांबरापाशी आली की पुढची थबकायची. दोघं गडी दोन्ही बाजूंना पटका सोडून हात पसरून उभे राहायचे. ट्रक थांबायचे, कंपनीच्या बस थांबायच्या, सगळ्यांचा एकच गलका. आणि मग एक मेंढी डांबरावर पाय टाकायची, आणि तिच्यामागं सगळी वाहायची. तेवढा वेळ नगर रोड दिसायचाच नाही. नुसती लोकर चाललेली. ड्रायव्हर इंजिनं बंद करायचे आणि मग इतकं शांत व्हायचं की खुरांचा आवाज यायचा, पिठाच्या चाळणीसारखा, सरसरसर. मी ह्या अंगाला डोक्यावर पदर घेऊन उभी असायची आणि मला वाटायचं, आपण लहान आहोत आणि बाप येतोय.

एकदा एक ट्रकवाला खिडकीतनं ओरडला, "आरं काय मोर्चा हाय का? मत तरी देत्यात का ही?"

माझा भाऊ काठी उगारून म्हणाला, "देत्यात की! पन इकत न्हाईत!"

सगळी बस हसली होती.

हे सगळं मी त्या पोरीला सांगितलं. तिनं पेन्सिल घेतली आणि मी बोटानं दाखवलं तिथं बारीक ठिपक्यांची रेघ काढली. मला इतकं बरं वाटलं! पण रेघ काढून झाल्यावर ती मागं सरली. पेन्सिल दातात धरून बघत राहिली.

मग तिनं समजावलं. रस्ता आता दुप्पट रुंद होणार. मधल्या गाड्या भरधाव जाणार, कडेनं गावच्या गाड्यांना वेगळा रस्ता, टमटमला वेगळी जागा, बसला थांबायला वेगळी कड. आणि मधला रस्ता भराव घालून उचललेला, दोन्हीकडून भिंत, माणसाच्या डोक्याइतकी. भिंतीला मधे कट नाही, म्हणजे ओलांडायला फट नाही. इकडचं माणूस तिकडं जायचं तर खालून बोगदा.

"आन् बोगदं किती?"

"आपल्या गावाला एक, आजी. दोन जागा निघाल्यात. एक चौकात, जिथं कंपनीच्या बस थांबतात. दुसरी बरीच पुढं, तुमच्या ह्या रेघेपाशी. दोन्हीकडं बसतो. ग्रामसभेत गाव जे म्हणेल ते मी लिहून देणार."

त्या दिवशी मला डुलकी लागली नाही.

आता तुम्ही म्हणाल, चौकातल्या बोगद्यातनं मेंढरं नेली तर काय झालं? अहो, चौकापर्यंत यायला सगळा बाजार तुडवत यायचं. भाजीच्या पाट्या, वड्याच्या गाड्या, शाळा, रिक्षा. माझा भाऊच एकदा म्हणाला होता, बाजारातनं मेंढरं घातली तर निम्मी पालेभाजीत जातील आन् निम्मी चाकाखाली. म्हणजे बोगदा रेघेपाशी झाला तर भाऊ माझ्या दारात. चौकात झाला तर त्यानं लांब ओढ्याच्या पुलाखालनं जायचं. मेंढरं जातील, घरीही पोचतील. फक्त बहिणीचं घर वाटेवर राहणार नाही. एवढंच.

हे गावात कसं फुटलं कुणास ठाऊक, दुसऱ्याच दिवशी सरपंच दारात. जमीनजुमल्यातला माणूस, पण गावच्या नात्यानं मला मामी म्हणतो. चप्पल काढून ओट्यावर बसला, चहा मागून घेतला.

"मामी, मेंढवाटंचं ऐकलं. काळजात कालवलं बघा."

"का रं, तुला काय झालं?"

"म्हंजी काय! पिढ्यापिढ्यांची वाट. तुमचं म्हायेर तुटू देनार न्हाई मी. सभेत तुमी उभ्या ऱ्हावा आन् मेंढरांचं सांगा. लोकांच्या डोळ्यात पानी यील. पुढचं मी बघतो."

मी चहाची बशी पुसत म्हटलं, "मेंढवाटंपाशी तुझं रान हाय न्हवं? प्लॉट पाडल्यात म्हनं."

"हाय थोडं," तो म्हणाला आणि बशीतला चहा फुंकत बसला. मग आपणच हसला. "मामी, मेंढरांचं बी भलं, माझं बी भलं. वाईट काय हाय त्यात?"

वाईट काही नव्हतं. खरंच नव्हतं. मला तर वाटलं, देवानंच धाडलाय. सभा दोन दिवसांवर होती आणि मी मनातल्या मनात बोलायची तयारी करत होते. बाप, आत्या, डांबरावर थबकलेली मेंढी. भांडी घासताना बोलायची, केर काढताना बोलायची. एकदा माझ्याच बोलण्यानं मला रडू आलं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी रोडच्या पलीकडं औषधाच्या दुकानात जायचं होतं. गुडघ्याचं मलम संपलेलं. चौकात आले तर कंपन्या सुटून बस यायची वेळ. माझ्या मधल्या खोलीत एक जोडपं राहतं, मराठवाड्यातलं. त्यातली बायको कुठल्याशा कंपनीत पॅकिंगला जाते. बसमधनं उतरून ती पलीकडं उभी होती. मला बघून तिकडूनच हात हलवला, "मावशी, थांबा, मी येते तुम्हाला न्यायला!"

आणि आली. कशी आली ते मी पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्यासारख्या पंधरावीस बाया एकमेकींचे हात धरून साखळी करून उभ्या. गाडीवाल्याच्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं, सगळ्या चाकांकडं बघत होत्या. "आता!" म्हणून एकीनं हाक दिली की साखळी धावायची. मधल्या काळ्यापिवळ्या दगडांवर येऊन थांबायची. पुन्हा "आता!". माझ्यापाशी आली, माझा हात धरला, आणि आम्ही उलट निघालो. मधल्या दगडांपर्यंत पोचलो आणि अडकलो. ह्या बाजूनं ट्रक, त्या बाजूनं ट्रक. पाठीला वारा, तोंडाला वारा. माझा पदर उडून तिच्या तोंडावर. सूर्य बुडायला आलेला, सगळी धूळ केशरी झालेली आणि त्या धुरळ्यात दिवे लागत चाललेले, एक एक, लांबपर्यंत.

"पुढच्या कटावरनं का न्हाई येत गं?" मी ओरडून विचारलं. आवाजच ऐकू येत नव्हता.

"लई लांब पडतंय मावशी! दिसभर उभं ऱ्हाऊन पाय भरून येत्यात. कोन घालतंय वळसा!"

मग जरा वेळानं म्हणाली, "मला हितं बरं वाटतं."

"हितं? मराया?"

"न्हाई वो. घरी सैपाक, कंपनीत लाईन. हितं कायबी करता येत न्हाई, नुसतं उभं ऱ्हायाचं. मग गावाकडचं आठवतं. आमच्या गावात नदी हाय, त्यात असंच मधी खडकावर उभी ऱ्हायाचे मी."

आणि ती खरंच खडकावर उभी असल्यासारखी उभी होती. दोन्हीकडनं पाणी वाहतंय आणि ही आपली मधे. डबा तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. भरल्या घरातली बाई मी, मला तेवढ्यावरून कळलं. "कितवा?" मी विचारलं. ती नुसती हसली आणि नवऱ्यालासुद्धा अजून सांगितलं नाही म्हणाली. मग कुणीतरी "आता!" म्हणून ओरडलं आणि आम्ही धावलो. गुडघ्याचं मलम आणायला निघालेली म्हातारी मी, धावले!

रात्री झोप लागली, ती विचित्र लागली. स्वप्नात मेंढरं रोडवर आली होती आणि प्रत्येक मेंढीच्या गळ्यात घंटेच्या जागी जेवणाचा डबा.

सभा मारुतीच्या मंडपात. पोरीनं कागद भिंतीला लावला. अर्धं गाव आलं होतं, खोल्यांतली भाडेकरू माणसंही मागं उभी होती. पहिला उठला हॉटेलवाला.

"म्याडम, तुमी रोड उचलून वर नेनार. मंग माझी मिसळ मी काय ढगात इकू?"

"दादा, कडेच्या रस्त्यानं गावातलं गिऱ्हाईक येणारच की."

"गावातलं गिऱ्हाईक उधारीचं असतंय वो!"

मंडप हसला. कुणी टमटमच्या जागेवरून भांडलं, कुणी म्हणालं बस थांब्याला पत्रा घाला नाहीतर उन्हात करपतो. पोरगी सगळं ऐकून घेत होती. मग बोगद्याचं निघालं. सरपंच उठला, पिढ्यांवर बोलला, संस्कृतीवर बोलला, आणि म्हणाला, "आता मामी सांगतील."

मी उभी राहिले. तयारी सगळी होती. बाप, आत्या, मेंढी. तोंड उघडलं आणि समोर मंडपाच्या खांबाला टेकून ती मधल्या खोलीतली उभी दिसली. शिफ्ट सोडून आली होती की काय कोण जाणे.

मी म्हटलं, "मी मेंढपाळाची लेक. माझ्या भावाची मेंढरं त्या वाटंनं येत्यात, समद्यांनी बघितल्यात."

"व्हय, व्हय," दोघंचौघं म्हणाली.

"मेंढरू वळसा घालतं. त्येला वाट बंद दिसली की ते दुसरीकडं वळतं, दोन दिस जादा चालतं, तक्रार न्हाई करत. मानूस वळसा घालत न्हाई. दमलेली बाई तर न्हाईच घालत. तिला भिंत बांधाल, ती भिंतीवर चढंल. मेंढवाटंला बोगदा केला तर तितनं वरसातनं एकदा मेंढरं जातील, आन् चौकात रोज बाया भिंतीवरनं उड्या टाकतील. बोगदा चौकात करा."

एवढं म्हणून मी बसले. मंडपात कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. मागून एका बाईनं नुसतं "आगं बाई" म्हटलं. मग हात वर करून घेतले, चौकाच्या बाजूनं जास्त झाले. पोरीनं पेन्सिलीनं चौकावर गोल काढला. ठिपक्यांची रेघ तिनं खोडली नाही. तशीच ठेवली.

बाहेर पडताना सरपंच म्हणाला, "मामी, दारापर्यंत आणून तोंडावर दार लावलंत की."

"तुझं प्लॉट काय पळून जात न्हाईत," मी म्हटलं. तो हसला, पण थोडे दिवस त्यानं चहा टाळला.

खरी अवघड गोष्ट पुढं होती. भावाला सांगायचं. तो तेव्हा कोकणात. त्याच्या मोबाईलला रेंज डोंगराच्या एका बाजूला येते, दुसऱ्या बाजूला जाते. तिन्हीसांजेला लागला फोन. मी सगळं सांगितलं. फोनमधनं नुसत्या घंटा ऐकू येत होत्या, एक मेंढी खोकत होती.

"हाईस का रं?"

"हाय."

"राग आला?"

"न्हाई." मग म्हणाला, "मंग आमी वढ्याच्या पुलाखालनं जाऊ."

"व्हय."

"तितनं तुझं घर लई लांब पडतं आक्का."

"व्हय."

"बरं केलंस. बायांचं बरं केलंस. पन मला आधी इचारायचं हुतंस. वाट माझी बी हुती."

आणि फोन कट झाला. रेंज गेली की त्यानं ठेवला, मी कधी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, त्याचं बरोबरच होतं.

पुढं काम सुरू झालं. पोरीची बदली झाली. आधी ती यवतकडं गेली, तिकडंही सोलापूर रोडवर असंच काहीतरी करायचं होतं. मग लांब कुठं गेली. जाताना माझ्या पाया पडली आणि अडकित्ता चुकून घेऊन गेली, तो तिच्याकडंच असू दे. इथं मग धूळच धूळ. भराव चढत गेला, भिंत उभी राहिली, पलीकडचं गाव दिसेनासं झालं. आधी मला घुसमटल्यासारखं व्हायचं. मग बोगदा उघडला. पहिल्या दिवशी शाळेतली पोरं आत जाऊन नुसती ओरडत होती, आवाज घुमतो म्हणून. संध्याकाळी बस आल्या आणि बाया आल्या. हात न धरता. गप्पा मारत, एकीनं चालता चालता केस सोडून पुन्हा बांधले. मी तोंडाशी उभी राहून बघत होते. मधल्या खोलीतलीचं लेकरू तोवर चालायला लागलं होतं. त्याला मीच बोगद्यात फिरवायला न्यायची. वरनं गाड्या जातात आणि आत नुसती गुणगुण येते, जात्यावर कुणी लांब दळत असल्यासारखी. मला तिथं गारव्याला बसावंसं वाटतं.

पण उन्हाळा सरत आला आणि माझ्यानं घरात बसवेना. भिंत झाल्यानंतरचं ते पहिलंच परतीचं साल. मधल्या साली भराव चालू होता, तेव्हा तो परस्पर पुलाखालनं गेला होता. रान नांगरून ठेवलं होतं. सवयीनं भाकरीचं पीठ जास्त दळून आणलं. भावाचा फोन नाही. मी करायची तर लागायचा नाही. दुपारी डोळा लागला की धूळ दिसायची, घोडी दिसायची, जाग आली की भिंत. कुणीतरी सांगितलं, ओढ्याच्या बाजूला धनगरांचा वाडा उतरलाय. वाडा म्हणजे आमच्यात मुक्कामाचा तळ. म्हणजे आला होता. आणि जाणारही होता.

मी म्हटलं, राग आहे तर आहे, आपण जाऊ. भाकरी बांधल्या, मिरचीचा ठेचा बांधला, टमटम करून ओढ्यावर जायचं. लुगडं बदलते न बदलते तर मधल्या खोलीतली कंपनीतनं धापा टाकत आली, हसू आवरेना तिला.

"मावशी, चला लवकर! तुमचा भाऊ आलाय. खांद्यावर मेंढी घेऊन. बोगद्यात ती अशी वरडतीया, सगळ्या बाया थांबल्यात!"

मी गेले. अहो, खरंच. कपाळापर्यंत पटका, दोन्ही हातांत मेंढीचे पाय धरलेले, मेंढी मानेवर, आणि भोवती कंपनीच्या निळ्या कोटातल्या बाया मोबाईल घेऊन. मेंढी एकदा ओरडली की बोगदा चार वेळा ओरडायचा, आणि आपलाच आवाज ऐकून तिला वाटायचं कळप आलाय, की ती पुन्हा ओरडायची.

"टमटमवाल्यानं हिचं बी तिकीट मागितलं," भाऊ मला बघून म्हणाला. दोन वर्षांनी भेटल्यावर पहिलं बोलणं हे.

"मंग?"

"म्हनलं मांडीवर घेतो. लहान हाय."

चांगली दांडगी मेंढी होती. बाया खो खो हसल्या.

"समदी वाड्यावर सोडून हिलाच कशापायी आनलीस रं?" मी विचारलं.

"रीत मोडाया नगं," तो म्हणाला आणि चालू लागला, माझ्या पुढं, वाट माहीत असल्यासारखा.

रानात आल्यावर त्यानं मेंढी खाली ठेवली, खुंटीला दावं बांधलं. मी भाकरी काढल्या. तो जेवायला बसला, पण मेंढी काही बसेना. गोल फिरायची, दावं ताणायची, भिंतीकडं तोंड करून ओरडायची. जेवण झालं, पाणी पिऊन झालं, तरी उभीच. मेंढरं बसवायला आलेला माणूस आणि मेंढरू उभं! भाऊ तिच्याकडं बघत राहिला आणि मग कपाळाला हात लावला.

"आक्का, एकलं मेंढरू बसत न्हाई."

"तुला ठावं न्हवतं?"

"कसं असंल? जलमभर मेंढरं राखली. एकलं मेंढरू कवा बघितलंच न्हाई मी."

आणि आम्ही दोघं असे हसलो की माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. मेंढी आमच्याकडं बघून आणखीच ओरडायला लागली. मग त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, तिच्या एका अंगाला ढेकळांवर टाकली आणि वर बसला. अगदी चिकटून. मला म्हणाला, "तू त्या अंगाला बस."

"माझं गुडघं दुखत्यात."

"बस गं. तिला वाटूंदी हाईत समदी."

बसले. लोकर उन्हाची गरम होती, तिला कोकणातल्या पानांचा वास होता. माझा खांदा तिच्या पोटाला लागला, पोट धडधडत होतं. भिंतीच्या वर दिवे लागले होते आणि गाड्या दिसत नव्हत्या, नुसता उजेड सरकत होता एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. भाऊ घशातल्या घशात काहीतरी हूं हूं करत होता, बाप करायचा तसं. मी पण करायला लागले. मग तिनं पुढचे गुडघे मोडले, एक उसासा टाकला, आणि आमच्या दोघांच्या मधे खाली बसली.